वास्तुकलेच्या विद्यार्थिनीसाठी लॅपटॉप : वरच्या कॉन्फिगरेशनचे ३६ हजार रुपये द्यावेत का?

मिरजकर_मास्तर

नमस्कार. माझी मुलगी पुण्यात बी.आर्क.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. पहिले वर्ष ड्रॉइंग बोर्ड, कटर आणि माउंटबोर्डावर निभावले. आता ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिट ही आराखडे व मॉडेल काढण्याची सॉफ्टवेअर सुरू होत असून पुढच्या सत्रापासून रेंडरही (मॉडेलवरून संगणकाने तयार केलेली हुबेहूब चित्रे) लावावे लागणार आहेत, त्यामुळे तिला स्वतःचा लॅपटॉप घेणे भाग आहे. दुकानदाराने एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील दोन यंत्रे दाखवली आहेत.

पहिल्यात आय-५ १३४२०एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फाइलींची साठवण) आणि आरटीएक्स ४०५० हे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. किंमत ७९,००० रुपये. दुसऱ्यात आय-७ १३६२०एच, ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० आहे. किंमत १,१५,००० रुपये. म्हणजे फरक ३६,००० रुपयांचा, आणि शिक्षकाच्या पगारात ही रक्कम डोळे झाकून देण्याइतकी लहान नाही.

मागचा अनुभव सांगितला पाहिजे. २०२१ मध्ये ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉप घेताना विक्रेत्याने '८ जीबी पुरेल, पुढे वाढवता येईल' असे सांगितले होते. तीन वर्षांनी यंत्र धापा टाकू लागले तेव्हा ते उघडून घेतले, तर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आणि वाढवायला खाचच नाही. तेव्हापासून 'पुढे वाढवता येईल' या शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही. म्हणूनच या वेळी सरळ वरचे कॉन्फिगरेशन घेऊन पाच वर्षांची चिंता मिटवावी, असे मनात येते. मुलगी मात्र म्हणते की इतके पैसे घालू नका. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टी_स्क्वेअर

मास्तर, मी नाशिकला लहानसे कार्यालय चालवतो आणि दरवर्षी दोन-तीन प्रशिक्षणार्थी येत असल्याने हा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो. आपण ३६ हजारांकडे एकच रक्कम म्हणून पाहत आहात, पण त्यात चार वेगवेगळ्या वस्तूंची किंमत आहे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड यांचा निकाल वेगवेगळा लावावा लागेल.

प्रोसेसर आधी बाजूला काढू. १३४२०एचमध्ये चार वेगवान आणि चार काटकसरी असे आठ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर १३६२०एचमध्ये सहा आणि चार असे दहा. ऐकायला फरक मोठा वाटतो. परंतु ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिटमध्ये मॉडेल फिरवणे, भिंत हलवणे, सेक्शन काढणे ही कामे बहुतांशी एकाच कोअरवर चालतात. त्या एका कोअरचा कमाल वेग आय-५मध्ये ४.६ आणि आय-७मध्ये ४.९ गिगाहर्ट्झ आहे. हा साडेसहा टक्क्यांचा फरक दिवसभर काम करूनही तिच्या लक्षात येणार नाही. प्रोसेसरवर चालणारे रेंडर इंजिन ती वापरणार असेल तरच जास्तीचे कोअर उपयोगी पडतील; पण आजकालची मुले लुमियन, एन्स्केप किंवा डी५ ही रेंडरची सॉफ्टवेअर वापरतात आणि ही तिन्ही ग्राफिक्स कार्डावर चालतात.

म्हणून 'आय-७ आहे' एवढ्यासाठी मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

दुसरी_बाजू

मॅकबुक एअरचा विचार का करत नाही? वजनाला हलके आहे आणि पाच वर्षे आरामात टिकते.

टी_स्क्वेअर

रेव्हिट फक्त विंडोजवर चालते, डी५सुद्धा. आणि मास्तरांची मूळ तक्रार रॅम न वाढवता येण्याची आहे. मॅकबुकमध्ये तर रॅम आणि साठवण दोन्ही खरेदीच्या दिवशीच ठरवावी लागतात. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम ४ एअरची सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती आणि २५६ जीबीचे ५१२ जीबी करण्यासाठी आणखी २०,००० मोजावे लागत होते. यंत्र उत्तम आहे, या अभ्यासक्रमासाठी मात्र गैरसोयीचे.

निळी_शाई

काका, मी पाचव्या वर्षाला आहे आणि चार वर्षे ६ जीबीच्या कार्डावर काढली आहेत, म्हणून ग्राफिक्स कार्डाविषयी मीच लिहिते.

आम्ही रेंडरसाठी सीन, म्हणजे इमारतीचे संपूर्ण दृश्य, तयार करतो तेव्हा झाडे, गवत, माणसे, विटांचे आणि लाकडाचे टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रे) हे सगळे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत बसावे लागते. दुसऱ्या वर्षीचे एखादे घर ६ जीबीमध्ये सहज बसते. तिसऱ्या वर्षी हाउसिंगचा प्रकल्प येतो, चार इमारती आणि मधले लँडस्केप येते, आणि तिथे गाडी अडते. मेमरी भरली की एक तर सॉफ्टवेअर बंद पडते, नाहीतर उरलेला माल लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये ठेवला जातो आणि प्रत्येक फ्रेमसाठी तिथून ओढून आणावा लागतो. गेल्या सत्रात मी एकच सीन दोन यंत्रांवर लावून पाहिला. कॉलेजच्या लॅबमधील ८ जीबीच्या कार्डावर एका चित्राला साधारण चार मिनिटे लागत होती. माझ्या लॅपटॉपवर अकरा. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' काठोकाठ भरलेली होती आणि तिच्या खालची 'शेअर्ड', म्हणजे साध्या रॅममधून उसनी घेतलेली, मेमरी सव्वा जीबीपर्यंत चढली होती. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाच्या, आदल्या रात्री अशी आठ चित्रे लावायची असतील तर काय होते, याची कल्पना करा.

यावर उपाय नाहीत असे नाही. दूरची झाडे हलकी घ्यायची, टेक्स्चर ४ के ऐवजी २ के वापरायचे, सीनचे तुकडे करायचे. मी हे सगळे शिकले आणि त्याचा उपयोगही होतो. पण हे शिकण्यात गेलेला वेळ डिझाइनमधून गेला, हेही खरे आहे.

स्क्रूड्रायव्हर

निळी_शाई यांनी सांगितले त्यामागचे कारण जोडतो. माझे कोल्हापुरात दुरुस्तीचे दुकान आहे. ४०५० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला सुमारे १९२ जीबी वेगाने वाचली जाते आणि ४०६०ची २५६ जीबी वेगाने. पण माल बाहेरच्या रॅममध्ये गेला की तो ज्या वाटेने कार्डापर्यंत येतो, तिची क्षमता सेकंदाला १६ जीबीच्या आसपास आहे. चौपदरी रस्त्यावरून एकदम बोळात शिरल्यासारखे होते. म्हणून मेमरी थोडीशी जरी कमी पडली, तरी वेग थोडासा कमी होत नाही, तो कोसळतो. आणि लॅपटॉपमधले हे कार्ड पुढे कधीही बदलता येत नाही.

परंतु मास्तर, ४०६० हे नाव पाहून लगेच पैसे देऊ नका. लॅपटॉपच्या कार्डाला किती वॉट वीज द्यायची हे कंपनी ठरवते. ४०५० आणि ४०६० या दोन्हींना ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मुभा आहे. बारीक अंगाच्या लॅपटॉपमधील ६० वॉटचे ४०६० हे जाड लॅपटॉपमधील १०० वॉटच्या ४०५०शी जेमतेम बरोबरी करू शकते, आणि डब्यावरच्या स्टिकरवर हा आकडा नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रात 'कमाल ग्राफिक्स पॉवर' अशा अर्थाची ओळ शोधा. दुकानात यंत्र सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशनमध्येही ती दिसते. विक्रेत्याला हा आकडा सांगता आला नाही तर त्याच्यासमोरच उघडून पाहा, त्यात संकोच बाळगू नका.

दुसरी_बाजू

एक वेगळी शंका मांडतो. मेमरी रिकामी असली की सॉफ्टवेअर ती गरजेपेक्षा जास्त व्यापून ठेवते. त्यामुळे ८ जीबीच्या कार्डावर एखाद्या सीनने ६.८ जीबी घेतली, एवढ्यावरून ६ जीबीमध्ये तो चालणारच नाही असे सिद्ध होत नाही. दुसरे म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये चांगली यंत्रे असतातच. वर्षातून पाच-सहा रात्रींच्या रेंडरसाठी ३६ हजार घालण्यापेक्षा साधे यंत्र घ्यावे, रेंडर लॅबमध्ये लावावे आणि उरलेले पैसे बँकेत ठेवून चौथ्या वर्षी पुन्हा विचार करावा.

निळी_शाई

पहिली शंका रास्त आहे, म्हणूनच मी वर व्यापलेल्या मेमरीच्या आकड्यावर न थांबता लागलेला वेळ सांगितला. लॅबविषयी मात्र असहमत आहे. आमची लॅब संध्याकाळी सहाला बंद होते आणि सबमिशनच्या आठवड्यात एका यंत्रामागे चार जण उभे असतात. कॉलेज बदलले की हे चित्रही बदलेल. काकांनी मुलीला तिच्या लॅबची वेळ नेमकी विचारावी.

स्क्रूड्रायव्हर

आता रॅम आणि एसएसडी. मास्तर, तुमचा २०२१चा अनुभव माझ्या टेबलावर दर महिन्याला येतो. पण त्यावरून 'रॅम वाढवता येत नाही' हा नियम काढू नका. ती सोल्डर केलेली आहे की खाचेत बसवलेली, हे प्रत्येक मॉडेलगणिक तपासावे लागते. तपशीलपत्रात 'एलपीडीडीआर' असे शब्द दिसले तर ती बहुधा बोर्डावरच असते. 'एसओ-डिम' (खाचेत बसणारी रॅम) आणि खाचांची संख्या दिलेली असेल तर वाढवता येते. तुम्ही सांगितलेल्या वर्गातील जाड लॅपटॉपमध्ये सहसा दोन खाचा असतात. १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) बसवून दुसरी खाच रिकामी ठेवली आहे, की ८-८ च्या दोन स्टिक भरल्या आहेत, हेही विचारा. दोन असतील तर पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात. एकच असेल तर पुढचा खर्च निम्मा होतो, मात्र तोपर्यंत रॅमचा वेगही निम्म्यावर राहतो, कारण ५२०० गतीची एक स्टिक सेकंदाला सुमारे ४२ जीबी देते आणि दोन मिळून ८३.

इथवर मी गेली दहा वर्षे एकच सल्ला देत आलो होतो : रॅम कमी घ्या आणि वर्षभराने बाहेरून स्वस्तात टाका. यंदा तो सल्ला डोळे मिटून देता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५च्या अखेरीपासून सुट्या रॅमचे भाव चढत गेले, आणि त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. माझ्याकडे गिऱ्हाईक जुन्या भावाच्या आशेने येते आणि आकडा ऐकून परत जाते. पूर्वी कंपनीच्या वाढीव रॅमचा दर बाहेरच्या दरापेक्षा नेहमी जास्त असे. आता काही मॉडेलमध्ये तो कमी निघतो, कारण कंपनीने माल जुन्या भावाने भरून ठेवलेला असतो. म्हणून तिन्ही दर एकाच दिवशी विचारा : १६ जीबीचे मॉडेल, ३२ जीबीचे मॉडेल आणि सुटी १६ जीबी स्टिक.

टी_स्क्वेअर

रॅम लागते किती, हेही मोजून ठरवता येते. माझ्या कार्यालयातील रेव्हिटची मध्यम आकाराची फाइल, तिच्याबरोबर रेंडरचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब उघडे असताना १६ जीबीतील बहुतेक जागा भरते, पण काम अडत नाही. फोटोशॉपमध्ये ए-१ आकाराची शीट ३०० डीपीआयने उघडली की मात्र बाकीचे बंद करावे लागते. विद्यार्थ्याला ही शिस्त परवडते.

एका गोष्टीवर अजून कोणीच बोललेले नाही, ती म्हणजे स्क्रीन. मास्तर, दोन्ही यंत्रांच्या तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' लिहिले आहे की '१०० टक्के एसआरजीबी', हे आवर्जून पाहा. स्क्रीनला किती रंग दाखवता येतात याची ही मापे आहेत; पहिल्यात रंग फिके दिसतात. आमच्याकडे एका प्रशिक्षणार्थीने रत्नागिरीजवळच्या घराचे रेंडर केले होते. त्याच्या लॅपटॉपवर जांभ्याच्या भिंती मातकट दिसत होत्या, म्हणून त्याने बिचाऱ्याने लाल रंग वाढवत नेला. शीट छापून आली तेव्हा घर टोमॅटोचे बांधल्यासारखे दिसत होते. तो स्क्रीन ४५ टक्क्यांचा होता आणि लाल रंगाच्या अनेक छटा त्याला दाखवताच येत नव्हत्या. रेंडर दोन मिनिटे उशिरा झाला तरी चालतो. रंगच दिसत नसेल तर शिकणार काय?

हिशेबनीस

पैशांच्या बाजूने थोडेसे. ३६,००० च्या फरकात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे सुमारे ५,४९० रुपये कराचेच आहेत आणि पगारदार माणसाला त्यांची वजावट मिळत नाही. एखाद्या व्यावसायिकाने आपल्या जीएसटी क्रमांकावर व्यवसायासाठी घेतले असते तर मिळाली असती, शिवाय संगणकावर ४० टक्के घसाराही. टी_स्क्वेअर यांच्यासाठी महाग असलेले यंत्र आणि तुमच्यासाठी महाग असलेले यंत्र यांत हा फरक आहे.

'नो कॉस्ट ईएमआय' घेणार असाल तर त्यातील व्याजाइतकी सूट आधी मिळते, परंतु त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बँक वेगळे घेते. हप्त्यांचा तक्ता मागून घ्या. शैक्षणिक कर्ज चालू असेल तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेला संगणक त्यात बसू शकतो. कॉलेजचे पत्र घेऊन शाखेत विचारा.

मिरजकर_मास्तर

सर्वांचे आभार. कर्ज घेतलेले नाही आणि घेण्याचा विचारही नाही. मुलीच्या लॅबची वेळ रात्री नऊपर्यंत आहे, पण वसतिगृहाचे दार साडेआठला बंद होते, त्यामुळे तो मार्ग बंदच आहे.

कालच्या रविवारी आम्ही दोघे दुकानात पुन्हा गेलो. ४०६० किती वॉटचे आहे, असे विचारल्यावर विक्रेत्याने प्रथम बॅटरीचा आकडा सांगितला. मग मुलीनेच यंत्र सुरू करून आकडा शोधला, तो ७५ वॉट निघाला. ४०५०चे यंत्र ९५ वॉटचे होते. आणि स्क्रीन दोन्हींचा ४५ टक्के. म्हणजे ३६ हजार जास्त देऊनही रंग तेच फिके मिळाले असते.

स्क्रूड्रायव्हर

मग दोन्ही सोडा. ४०५० आणि ४०६० या आता मागच्या पिढीच्या वस्तू झाल्या आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेतील लॅपटॉपचे ५०५० कार्डसुद्धा ८ जीबीचे आहे. म्हणजे ज्या ८ जीबीसाठी तुम्ही वरच्या पायरीवर चढत होता, ती नव्या मालिकेत खालच्याच पायरीवर मिळते. १६ जीबीची एकच स्टिक, रिकामी खाच आणि १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन असे ५०५०चे मॉडेल शोधा. एसएसडीसाठीही दुसरी एम.२ खाच आहे का ते पाहा. १ टीबीसाठी आज पैसे घालायची गरज नाही. उघडल्याने वॉरंटी जाते का, याचे उत्तर कंपनीकडून ईमेलने घ्या, तोंडी नको.

मिरजकर_मास्तर

निर्णय झाला, तो कळवतो. ५०५०, ८ जीबी, १०० वॉट, १६ जीबीची एक स्टिक, ५१२ जीबी एसएसडी आणि १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन असे यंत्र ९४,५०० रुपयांना घेतले. प्रोसेसर आय-५च आहे. याच मॉडेलचे ३२ जीबीचे रूप १४ हजारांनी महाग होते आणि सुटी स्टिक त्याहून थोडी स्वस्त, म्हणून रॅम आत्ता घेतली नाही. मुलीने एका सीनियरची हाउसिंगची फाइल आणून लावून पाहिली. रॅम १३.९ जीबी भरली आणि कार्डाची मेमरी ६.९. शेअर्ड मेमरी जागची हलली नाही.

पहिल्या यंत्रापेक्षा साडेपंधरा हजार जास्त गेले, दुसऱ्यापेक्षा साडेवीस हजार वाचले. त्यातील नऊ हजार मुलीने लगेच मागून घेतले, खोलीत लावायला २४ इंची मॉनिटर हवा म्हणून. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ए-१ शीट पाहताना सारखे आत-बाहेर करावे लागते, असे तिचे म्हणणे. रॅमपेक्षा आपल्याला हेच अधिक हवे होते, पण कोणी विचारलेच नाही, असेही तिने सुनावले.

कंपनीचे ईमेलचे उत्तरही आले आहे : ग्राहकाने रॅम वाढवल्यास वॉरंटी कायम राहील, मात्र उघडताना झालेले नुकसान तिच्यात धरले जाणार नाही. ते छापून बिलाला टाचून ठेवले आहे.

निळी_शाई

काका, मॉनिटरचे अभिनंदन तिला सांगा. चार्जरचे वजनही एकदा हातात घेऊन पाहा. यंत्र सव्वादोन किलोचे असले तरी माझ्या पाठीवर रोज तीन किलो असतात.

मिरजकर_मास्तर

घरच्या तराजूवर तोलले. चार्जर ६४० ग्रॅम भरला. तो वसतिगृहातच राहील आणि कॉलेजात सी-टाइपचा लहान चार्जर नेता येईल का, हे आता ती तपासत आहे.

स्क्रूड्रायव्हर

सी-टाइपच्या खाचेशेजारी 'पीडी' लिहिलेले किंवा बॅटरीची खूण असेल तर चालेल. १०० वॉटचा घ्या आणि त्यावर ड्रॉइंग करा. रेंडर मात्र मोठ्या चार्जरवरच लावा, नाहीतर कार्ड स्वतःहून वेग कमी करते.

मिरजकर_मास्तर

बॅटरीची खूण आहे. तिला कळवतो.